धरणावर सोलर: आल्प्समधलं कोयनेला चालेल का?

बामणोलीकाठ:
स्वित्झर्लंडमधल्या एका धरणाच्या भिंतीवर सोलर पॅनेल बसवल्याचा फोटो पाहिला. सगळीकडे बर्फ! तिथे ऊन तरी किती पडत असेल? आणि आपल्या कोयनेवर असं का नाही करत? तिकडचं कुणी असेल तर सांगा.

झुरिककर:
तो बहुतेक मुट्झे धरणाचा फोटो असावा, ग्लारुसमधला. उंची जवळपास २५०० मीटर. ऊन वरच असतं, दादा! नोव्हेंबर लागला की आमच्या घरावर धुक्याचं झाकण बसतं, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. गाडीने डोंगर चढायला लागलं की एका वळणावर अचानक निळं आभाळ, आणि बर्फावरून ऊन असं डोळ्यांत घुसतं की गॉगल लावावाच लागतो. पॅनेलला हेच हवं असतं. बर्फाचा उजेड पुन्हा त्याच्यावर पडतो, थंडीत वीज जास्त मिळते, आणि ती इतकी उभी बसवलेली आहेत की बर्फ साचत नाही. २०२२ साली पूर्ण झालेला हा प्रकल्प २.२ मेगावॅटचा. वर्षाला ३३ लाख युनिट, त्यातली निम्मी हिवाळ्यात. इथे टंचाई हिवाळ्यातच असते, म्हणून हेलिकॉप्टरने सामान चढवण्याचा खर्च सोसला.

सह्याद्रीत गणित वेगळं आहे. आपल्याकडे ऊन मार्च-एप्रिलमध्ये भरपूर, आणि नेमकं तेव्हा धरणातलं पाणी जपायचं असतं. कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसीच (अब्ज घनफूट) पाणी सोडता येतं. दिवसाची वीज सोलरने दिली, तर तेवढं पाणी संध्याकाळसाठी राहील. माझ्या मते कोयनेसाठी खरं कारण हे आहे. त्यासाठी पॅनेल भिंतीवरच हवीत असं नाही.

अकोलेकर:
मग पाण्यावर तरंगती?

झुरिककर:
तसंही केलंय. स्वित्झर्लंडच्याच वाले (Valais) भागात तूल धरणावर, १८१० मीटरवर, २०१९ साली. तिथे पाणी गोठतं, पातळीही खूप उतरते. त्यामुळे तराफ्यांचे दोर आणि नांगर हेच अवघड काम.

बामणोलीकाठ:
पातळीचं तर आमच्याकडेही तेच, ताई. मे महिन्यात पाणी इतकं मागे जातं की लाँचला उतरायची जागा बदलते, म्हाताऱ्या माणसांना चिखलातून चालत जावं लागतं. तराफे टाकायचे झाले तर लाँचची वाट आधी मोकळी सोडा. पलीकडच्या गावांना दवाखान्याला यायचं तर तीच वाट आहे.