गोधडीचा मऊपणा: शब्द हवा आहे

नौपाडाकर: ठाण्यातल्या एका गोधडी-प्रदर्शनासाठी इंग्रजी मजकूर मराठीत आणतेय. कापड हाताला कसं लागतं, त्याला तिथे ‘हँड’ म्हटलंय. ‘सॉफ्ट हँड’ला मी ‘मऊ पोत’ लिहिलं. आई म्हणाली, “पोत डोळ्यांनाही दिसतो. आणि मऊ तर दुकानातलं ब्लँकेटही असतं. आजीच्या गोधडीचा मऊपणा निराळा.” तो निराळेपणा सांगणारा शब्द सुचवा.

धावदोरा: मऊसूत! धुऊन धुऊन सूत मऊ झालं, ते मऊसूत.

कळवेकर: मऊसूत तर पोळीही असते. तिच्यात सूत कुठलं?

कोपरखैरण्याची सातारकरीण: आमच्या इमारतीत बरीच बिऱ्हाडं माथाड्यांची, सातारा-पाटणकडची. आम्ही गोधडी म्हणत नाही, वाकळ म्हणतो. आत जुनेर घालायचं. नव्या कापडाला खळ असते, सुई अडते, वाकळ ताठ होते. लुगडं नेसून, आपटून धुऊन विरलं की खळ पार जाते, सूत झिजतं, मग ते अंगाला लागतं तसं दुसरं काही लागत नाही. एकेकटं कापड फाटेल, पण थर आणि दाट धावदोरा त्याला धरून ठेवतात. ‘विरलेली’ लिहा, ताई.

नौपाडाकर: जुनेर, विरणं, दोन्ही किती नेमके! पण ‘विरलेली’ वाचून लोकांना फाटायला आलेली वाटेल.

शब्दशोधक: ‘मृदुस्पर्श’ लिहा, प्रमाण मराठी आहे. रजई फारसीतून आलेली, ती टाळाच. वाकळ मात्र आपली, थेट वल्कलापासून.

कोपरखैरण्याची सातारकरीण: मृदुस्पर्श वाचून माझ्या आईला कळणार नाही की तिच्याच वाकळेबद्दल लिहिलंय. मग तो शब्द कोणासाठी?

धावदोरा: वल्कल पटत नाही. झाडाच्या सालीला कसली आली ऊब!

कळवेकर: पासोडी का नको? माझी आजी गोधडीला पासोडीच म्हणायची.

धावदोरा: पासोडी म्हणजे जाडंभरडं सुती पांघरूण, शिवलेले थर नव्हेत. अंबाजोगाईची दासोपंतांची पासोडी आठवा, कापडावर ओव्या लिहिल्यात. टाक्यांच्या उंचवट्यांवर अशी लेखणी चालली असती का?

कळवेकर: आजी म्हणायची ते मी कानांनी ऐकलंय, चूक कसं म्हणू? लेकीच्या वेळी तिनं स्वतःच्या विरलेल्या साडीची दुपटी शिवली. नवं कापड बाळाला टोचतं म्हणून आणलेलं परत करायला लावलं. त्यातलं एक अजून कपाटात आहे, गालाला लावून बघते कधीकधी.

शब्दशोधक: ‘दुपटं’ दोन पदरी म्हणून, की ‘पट’ म्हणजे वस्त्र म्हणून?