अनुभव धागा : बोरिवलीचं नॅशनल पार्क

मधुमालती :
लेकीच्या शाळेची सहल उद्या नॅशनल पार्कात आहे. ते ऐकल्यापासून तिथल्या छोट्या आगगाडीची, वनराणीची शिटी कानात वाजतेय. बाबा गिरणीत होते. सुट्टीला आम्हा भावंडांना तिथे न्यायचे, झाडाखाली सतरंजी, पुरी-भाजी. आईला भरदुपारी निवांत झोपलेली मी फक्त तिथेच पाहिली. महाबळेश्वर परवडत नव्हतं, हे जंगल परवडायचं. लिहा तुमचंही.

रानपाखरू :
वनराणी!! बोगद्यात सगळा डबा ओरडायचा. २०२१ च्या तौक्ते वादळात रुळांची नासधूस झाली तेव्हा खूप वाईट वाटलं होतं.

सुगरण_ठाणे :
मधु, पुऱ्या नको, दशम्या दे. कणीक दुधात भिजव, दुपारपर्यंत मऊ राहतात. वर लसणाची चटणी.

मधुमालती :
@सुगरण अगं लसूण खात नाही ती :(

डोंगरवेडा :
कारवी कुणी पाहिली का? आठ वर्षांनी एकदा फुलते. २०१६ ला नोकरीमुळे हुकली, मग २०२४ ला रजा टाकून गेलो. आख्खा उतार जांभळा आणि मधमाश्यांची नुसती घूं घूं. बिया धरल्या की झाड मरतं, म्हणून फुलं तोडणाऱ्यांना मी तिथेच हात जोडून थांबवलं. शिलोंडा ट्रेलला जायचं तर निसर्ग माहिती केंद्रात आधी विचारा, मनाने आत शिरू नका.

येऊरकर :
पार्काला लागून आमची सोसायटी, मागच्या भिंतीवर बिबट्या बसायचा. वॉचमनकाकांनी आधी कचऱ्याचा ढीग हलवायला लावला. कचरा गेला, भटकी कुत्री पांगली, त्याचं येणंही कमी झालं. तो त्याच्या घरात आहे, भिंत आपण बांधली.

रानपाखरू :
बापरे. फोटो आहे का?

येऊरकर :
नाही हो, तेव्हा साधा फोन होता.

नीलाक्षी :
कान्हेरी राहिलंच की! शंभरावर लेणी, तिसऱ्या लेण्यातला तो उंच उभा बुद्ध. मला मात्र टाकी जास्त आवडतात. पावसाचं पाणी कातळातल्या पन्हळींमधून टाक्यांत उतरतं, आजही. भिक्खूंनी दोन हजार वर्षांपूर्वी केलेली सोय आणि आमच्या सोसायटीत दर मे महिन्यात टँकर. पायऱ्यांवर पाड्यातल्या मावश्या मीठ-तिखट लावून काकडी देतात, त्यांच्याकडूनच घ्या. माकडं सांभाळा.

डोंबिवलीकर_आजी :
गुडघे दुखतात, लेण्यांपर्यंत गाडी जाते का गं?

नीलाक्षी :
आजी, गेटपासून पाच-सहा किलोमीटर डांबरी रस्ता आहे, पायथ्यापर्यंत गाडी जाते. पुढे पायऱ्या. सोमवारी पार्क बंद असतं, तेवढं बघून निघा.