घरातलं माणूस नाहीसं होतं तेव्हा नेमकं काय काय होतं? (रहस्यकथेत अडकलेय)

परसदार

नमस्कार मंडळी. एक दीर्घ रहस्यकथा लिहायला घेतलीय आणि बरोबर मध्यावर येऊन अडकलेय. थोडक्यात सांगते. कोकणातलं घर, साल १९८८, भातकापणी उरकलेली. धाकटा काका, लग्न न झालेला, एका पहाटे एसटी गाठायला म्हणून निघतो तो परत येतच नाही. घरात आजी, मोठा भाऊ म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या मुलीचे बाबा, आई, आणि लग्न होऊन मुंबईला गेलेली आत्या. आजोबा आधीच गेलेले. मुलगी तेव्हा सात वर्षांची. आता तीस-पस्तीस वर्षांनी घर विकायचं ठरतं म्हणून ती गावी येते, आणि तिला कळायला लागतं की काकाचं काय झालं ते घरातल्या कोणालातरी पहिल्यापासून माहीत होतं.

इथपर्यंत मस्त जमलंय, पुढे काय? अशा गोष्टी मी लहानपणापासून अक्षरशः शेकड्याने वाचल्यात, जीव आहे माझा ह्या प्रकारावर, पण शेवट दोनच. एक म्हणजे विहीर उपसतात आणि सांगाडा सापडतो, नाहीतर माळ्यावरच्या ट्रंकेत डायरी सापडते ज्यात सगळं सविस्तर लिहिलेलं असतं. कोण लिहून ठेवतं हो असं? ज्या घरात तीस वर्षं एक शब्द कोणी बोललं नाही त्या घरात कोणी डायरीत कबुलीजबाब लिहून ती ट्रंकेत ठेवेल हे मला अजिबात पटत नाही.

तर प्रश्न असा की माणूस नाहीसं झाल्यावर घरात प्रत्यक्षात काय होतं? कागदावर काय होतं, देवाधर्माचं काय होतं, बोलण्यात काय बदलतं? गुपित फुटतं ते कुठून फुटतं? खरी उदाहरणं माहीत असतील तर तीही द्या.

जुना_वाचक

खरं उदाहरण हवं तर भवाल संन्याशाचा खटला वाचा, कुठल्याही कादंबरीच्या तोंडात मारेल. ढाक्याजवळची भवालची मोठी जमीनदारी, तीन भाऊ, त्यातला मधला रमेंद्रनारायण रॉय १९०९ मध्ये उपचारासाठी दार्जिलिंगला गेला, बरोबर बायको बिभावती आणि तिचा भाऊ. मे महिन्यात तो तिथे वारला असं घरी कळवलं, दहन झालं, बायको विधवा म्हणून माहेरच्या लोकांकडे कलकत्त्याला राहायला लागली. आणि मग बारा वर्षांनी, १९२१ च्या सुमाराला, ढाक्याला नदीकाठच्या बंधाऱ्यावर एक राख फासलेला संन्यासी येऊन बसायला लागला आणि लोक म्हणायला लागले की हा तर आपला मधला कुमार!

बहिणीने ओळखलं. बायकोने शेवटपर्यंत ओळखलं नाही. त्याचं म्हणणं असं की चितेवर ठेवलं तेवढ्यात जोराचा पाऊस आणि वादळ आलं, माणसं आडोशाला पळाली, आणि धुगधुगी असलेल्या मला साधूंनी उचलून नेलं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं की रात्री वारला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रीतसर दहन केलं. १९३० मध्ये दावा लागला, हजारावर साक्षीदार तपासले. पायाच्या घोट्यावरचा गाडीच्या चाकाचा जुना व्रण, पायाची खरखरीत कातडी जी त्या घराण्यातल्या इतरांचीही होती, असल्या गोष्टींवर दिवसच्या दिवस सुनावणी. न्यायाधीश पन्नालाल बसूंनी १९३६ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला, १९४० मध्ये कलकत्ता हायकोर्टाने तो कायम केला आणि १९४६ च्या जुलैमध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही. त्यानंतर काही दिवसांतच तो माणूस वारला.

माझा मुद्दा हा की तिथे थरार माणूस परत येण्यात नाहीये, एकाच माणसाकडे बघून बहीण हो म्हणते आणि बायको नाही म्हणते ह्यात आहे. दोघींनाही त्याचा चेहरा पाठ होता. तुमच्या काकाला परत आणाच असं नाही म्हणत मी, पण आला असता तर त्याला कोणी ओळखलं असतं आणि कोणी मुद्दाम ओळखलं नसतं हे कागदावर मांडून बघा. तुमचा गुन्हेगार त्यातच सापडेल.

पर्वतीकर

एवढ्या लांब बंगालात कशाला, आपल्याकडे भाऊसाहेबांचा तोतया आहे की. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण पार्वतीबाईंनी ते मान्यच केलं नाही. भाऊ येतील म्हणून त्या शेवटपर्यंत सौभाग्याची लेणी घालून राहिल्या, १७८३ मध्ये गेल्या तोवर, म्हणजे बावीस वर्षं! आणि अशी वाट बघणारी माणसं होती म्हणूनच तर तोतया उभा राहू शकला. तो मूळचा उत्तरेकडचा कनोजी ब्राह्मण, थोरल्या माधवरावांच्या काळातच पकडला होता, पुढे रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत होता, तिथून १७७६ मध्ये बाहेर पडला आणि बघता बघता हजारो माणसं त्याच्यामागे गेली, कोकणातले किल्ले त्याच्याकडे गेले, पुण्याच्या कारभाऱ्यांची झोप उडाली. त्याच वर्षी पकडून त्याला देहदंड दिला.

मला ह्यात नेहमी पार्वतीबाईंचं कोडं पडतं. त्यांच्यापुढे तो गेला असता तर काय झालं असतं? इतकी वर्षं वाट बघितलेली बाई, समोर माणूस उभा आणि सगळे विचारतायत, हाच का? तुमच्या कथेतली आजी मला तशी दिसतेय. तिला गप्प बसवून कोपऱ्यात नका ठेवू, गोष्टीचा कणा तीच आहे.

नेहा_ठाणे

मी उदाहरण देणार नाहीये, घरचं सांगते. माझा सख्खा मामा १९८६ मध्ये गेला. भांडण नाही काही नाही, कामावर म्हणून डबा घेऊन बाहेर पडला. तेव्हा मुंबई दूरदर्शनवर 'आपण यांना पाहिलंत का?' लागायचं, बऱ्याच जणांना आठवत असेल, तिथे द्यायला फोटो हवा होता आणि मामाचा एकट्याचा धड एक फोटो घरात नव्हता. मग माझ्या आईच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्याला कापून काढलं. त्याच्या खांद्यावर मावशीचा हात होता, तो तेवढा हात तसाच राहिला, मनगटापर्यंत, हिरव्या बांगड्यांसकट. तो फोटो टीव्हीवर आला तेव्हा आमची आजी मामाकडे बघतच नव्हती, ती त्या हाताकडे बघून रडत होती.

आणि बोलण्यात काय बदलतं विचारलंत ना, काळ बदलतो. आजी 'तो जेवायला बसतो' असंच म्हणायची, माझी आई 'बसायचा' म्हणायची, आणि त्यावरून दोघींची भांडणं व्हायची, एकदा तर आई ताटावरून उठून गेलेली आठवतेय. रेशनकार्डावरून नाव कमी करायचं आजीने शेवटपर्यंत होऊ दिलं नाही. घरात नवीन कोणी आलं, सून आली, जावई आला, की त्याला हे कोणी सांगायचं नाही, त्याला ते आपोआप कळायचं, कोणाच्या तरी गप्प होण्यावरून.

आम्हाला अजूनही काही कळलेलं नाही. म्हणून एक विनंती, लिहा पण माणूस गायब आहे म्हणजे नुसता प्लॉट आहे असं समजून नका लिहू.

काळा_कोट

नेहा, वाचून गलबलून आलं.

परसदार, तुम्हाला कागदाची बाजू सांगते, दिवाणीत वकिली करते म्हणून. सात वर्षं एखाद्याचा काही ठावठिकाणा नाही, ज्यांना स्वाभाविकपणे कळायला हवं अशा माणसांनाही काही खबर नाही, तर तो हयात आहे असं म्हणणाऱ्यावर ते सिद्ध करायचा भार येतो. जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०८, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १११. पण सात वर्षं झाली की माणूस आपोआप कागदावर मेला असं काही नसतं. पोलिसात मिसिंग दिलेली असावी लागते, पेपरात जाहीर नोटीस, दिवाणी कोर्टात घोषणेचा दावा, मग मृत्यूचा दाखला, मग तलाठ्याकडे वारस नोंद आणि फेरफार. तुमच्या कथेतल्या बाबांनी मिसिंग दिलीच नसेल तर पहिला संशय तिथे घ्या. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर बाबांचं नाव ए. कु. मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेलं असेल तर बाकी भावंडांची नावं वर दिसणारही नाहीत, गावाकडे अशा नोंदी ढिगाने आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे लेखक हमखास विसरतात. सात वर्षांवरून मृत्यू गृहीत धरता येतो पण मृत्यूची तारीख गृहीत धरता येत नाही. सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये विम्याच्या एका केसमध्ये हे अगदी स्पष्ट सांगितलंय, कधी मेला हे ज्याला म्हणायचंय त्याने पुराव्याने दाखवायचं. आता तुमच्या कथेत लावून बघा. काकाचं लग्न नाही, मृत्युपत्र नाही, म्हणजे तो आजीच्या आधी गेला तर त्याचा वाटा त्याच्या आईला, म्हणजे आजीला जातो. आजीने स्वतःचं सगळं मृत्युपत्राने आत्याला दिलं असेल तर काकाचा वाटाही आत्याकडे जाणार. पण काका आजीच्या नंतर गेला असं धरलं तर वाटा बाबा आणि आत्या दोघांत अर्धा अर्धा. म्हणजे काका कधी गेला हे दडवण्यात बाबांचा सरळ फायदा आहे. खून करायचीही गरज नाही! काका कुठल्यातरी सरकारी दवाखान्यात तापाने गेला, बाबांना कळलं, त्यांनी तिथेच सगळं उरकलं आणि घरी येऊन सांगितलं की काही पत्ता लागत नाही. आजी वाट बघत बसली. माझ्या दृष्टीने हे विहिरीतल्या सांगाड्यापेक्षा भयंकर आहे.

परसदार

काळा_कोट, तुमचं वाचून मी खरंच दहा मिनिटं नुसती बसून राहिले. बाबा खुनी नकोच होते मला, पण निर्दोषही नको होते, हे नेमकं मधलं आहे. आणि नेहा, तुमचं 'बसतो' आणि 'बसायचा' हे डोक्यातून जात नाहीये. तुमच्या घरचं कथेत वापरणार नाही, पण नुसता प्लॉट नको म्हणालात ते लक्षात ठेवीन.

आता एकच गाठ उरली. मुलीला कळणार कसं? बाबा कथेत आता हयात नाहीत. आजी १९९३ मध्ये गेली असं धरलंय. काका त्याआधीच गेला होता आणि बाबांना ते माहीत होतं हे तिला, डायरी न सापडता, कुठून कळेल?

पंचवटी

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी, म्हणून बोलतो. उत्तर तुमच्या पहिल्याच प्रश्नात आहे, देवाधर्माचं काय होतं.

नाहीशा झालेल्या माणसाचं श्राद्ध लगेच करत नाहीत. साधारण बारा वर्षं वाट बघतात, मग पळसाची प्रतिकृती करून पालाशविधी करतात, तिला अग्नी देतात, आणि त्याच्यापुढे तो माणूस पितरांत मोजला जातो. कायद्याची सात आणि शास्त्राची बारा, मधली पाच वर्षं घरात किती ताण असतो ते मी पाहिलंय, मुलांना दाखला मिळालेला असतो आणि आई कुंकू पुसायला तयार नसते.

आता तुमचे बाबा. वडील गेलेले, म्हणजे पितृपंधरवड्यात ते महालय करणार, तर्पणात गेलेल्या एकेका नातेवाइकाचं नाव घेणार. काका १९८८ मध्ये गेलाय. १९८९ च्या भाद्रपदात बाबांनी तर्पणात भावाचं नाव घेतलं तर? बारा वर्षं तर सोडाच, एकसुद्धा पुरतं झालेलं नाही. जिवंत माणसाचं नाव तिथे कोणी घेणार नाही, आणि मेलेल्या सख्ख्या भावाला पाण्यावाचून ठेवायची हिंमतही होणार नाही. बाहेर सगळ्यांशी खोटं बोलणारा माणूस तिथे खोटं बोलू शकत नाही, निदान त्या पिढीतला तरी.

पुरावा हवा असेल तर नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या नामावळ्या असतात, गाव आणि आडनाव सांगितलं की वही निघते, कोण आलं, कधी आलं, बरोबर कोण होतं, यजमानाच्या हातची सही. बाबा एकटेच क्रियाकर्माला गुपचूप येऊन गेले असतील तर तिथे सही राहिलीच असेल. ती वही त्यांना फाडता येणार नाही, त्यांची नाहीच ती.

पर्वतीकर

अंगावर काटा आला पंचवटी.

परसदार

मिळालं. रात्री दोनपर्यंत लिहीत होते. मुलगी आठ वर्षांची, बाबांच्या शेजारी बसलीय, तिचं काम फक्त तांब्यातलं पाणी पळीपळीने हातावर घालायचं. काळे तीळ बाबांच्या अंगठ्याला चिकटलेत. आत आई वडे तळतेय आणि तिकडून चुरचुर ऐकू येतेय. बाबांचा आवाज एका नावापाशी खाली जातो, इतका खाली की ओठच हलतात, पण ती अगदी जवळ बसलेली असते. तिला वाटतं काका परत यावा म्हणून बाबा मंत्र म्हणतायत. ती हे कोणालाच सांगत नाही कारण तिला ते चांगलं वाटलेलं असतं. पस्तीस वर्षांनी सासरी, नवरा तर्पणाला बसलेला असताना, तिला त्याचा अर्थ कळतो. मग नाशिकची वही.

आजी त्या दिवशी कुठे होती तेवढं अजून ठरत नाहीये. बहुतेक दारातच उभी होती.

पंचवटी, एक विचारायचं राहिलं, तर्पणात नुसतं नाव घेतात की नातंही म्हणतात?

पंचवटी

आधी नातं, मग नाव, मग गोत्र. 'अस्मद्भ्रातरं' आणि पुढे नाव. आवाज कितीही खाली नेला तरी भ्रातरं म्हणावंच लागतं, आणि तुमच्या बाबांना भाऊ एकच होता.