मदत हवी आहे: आईबाबांना मोझेलकाठी न्यायचंय
मंडळी, मी फ्रँकफुर्टला राहते. सप्टेंबरअखेर आईबाबा येताहेत, दोन दिवस मोझेल नदीकाठच्या द्राक्षमळ्यांकडे जायचा विचार आहे. बाबा नाशिकचे द्राक्ष बागायतदार, आयुष्य मांडवाखाली गेलं. त्यांना ब्रेम गावाजवळच्या काल्मोंट या द्राक्षमळ्याचा फोटो दाखवला. उतार सुमारे 65 अंशांचा, वेली खुंटांना बांधलेल्या. म्हणाले, "पाय घसरला की थेट नदीत!" दिवसभर तापून रात्री वेलींना ऊब देणारा तिथला पाटीचा दगड त्यांना हातात घेऊन बघायचाय. आईचे गुडघे मात्र दुखतात, त्यामुळे मळ्यापर्यंत गाडी जाईल अशी जागा कुणी सांगेल का?

मुक्काम कोखेमला करावा की बर्नकास्टेलला? बर्नकास्टेलला रेल्वे नाही, विटलिखहून बस घ्यावी लागते.

शिवाय गेल्या वेळी 'काबिनेट' लिहिलेली रिसलिंग (पांढरी वाइन) घेतली, ती गोड निघाली. नंतर कळलं, तो शब्द तोडणीच्या वेळच्या रसातल्या साखरेबद्दल असतो. कोरडी, म्हणजे गोड नसलेली, हवी तर लेबलवर 'ट्रोकन' बघायचं.

आणि एखादी श्ट्राउसविर्टशाफ्ट सुचवा ना, म्हणजे शेतकरी वर्षात जास्तीत जास्त चार महिने स्वतःची वाइन पाजतात ती जागा. आई शाकाहारी आहे, पाव-चीजवर भागवेल, पण किती वेळा?