पासिंग झालंय म्हणून गाडी घाटात घालायची?

उद्यमनगरी :
काल ‘मोकळा रस्ता’ यांनी लिहिलं : “२००४ ची सॅन स्टॉर्म, दोन सीटची स्पोर्ट्स कार, घेतली. डिसेंबरात आरटीओत रिन्युअल पासिंग झालं, वीस वर्षांवरची म्हणून १०,००० रुपये फी भरली. इन्स्पेक्टरनं गाडी समोर उभी करून बघितलीय, आता पाच वर्षं निवांत. मेकॅनिकला दाखवण्यात पैसे घालवू नका, पासिंग बघा आणि घ्या.” त्याखाली लोकांनी धडाधड अंगठे दिलेत. त्यातला एकजण जरी असली गाडी घेऊन गगनबावड्याला निघाला तर काय, हाच विचार रात्रभर डोक्यात होता. म्हणून सविस्तर लिहितोय.

पासिंगला काय बघतात? चेसिस नंबर, लाइट, हॉर्न, वायपर, पीयूसी, आणि मैदानात थोडी पळवून एक ब्रेक. ते बघायलाच पाहिजे. पण थंड गाडीचा एक ब्रेक वेगळा आणि करूळ घाटाचा उतार उतरताना मारलेला चाळिसावा ब्रेक वेगळा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट ३ ग्रेडचं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शिरलं की हा आकडा १४० पर्यंत खाली येतो. उकळलं की पाइपात बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली बसतं. हे मैदानात दिसणारच नाही.

दुसरं. स्टॉर्मची बॉडी फायबरची. फायबरला गंज नाही, पॉलिश मारली की गाडी कालच शोरूममधून काढल्यासारखी दिसते. खालचं लोखंड कोकणातल्या खाऱ्या हवेत किती वर्षं होतं, हे वरून कसं कळणार?

गेल्या मे महिन्यात माझ्या रॅम्पवर एक जुनी टू-सीटर आली. कंपनीचं नाव सांगत नाही. पासिंग महिन्याभरापूर्वीचं. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा लोअर आर्म जिथं बसतो तिथं मी स्क्रू ड्रायव्हरनं टोचलं. काळ्या कोटिंगचा पापुद्रा सुटला आणि पातं मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर काढल्यावर ओली लाल भुकटी माझ्या तळहातावर पडली. तो माणूस आदल्या रविवारी बायकोला घेऊन आंबोलीला जाऊन आला होता. त्याला मी भुकटी दाखवली, तो तिथंच स्टुलावर बसला.

मोकळा रस्ता :
माझ्या चार ओळींवर एवढं मोठं उत्तर! साहेब, सामान्य माणसानं विश्वास ठेवायचा कुणावर? तुमच्यासारख्या मिस्त्रींवर? २०१७ ला गाडी घेताना मी मिस्त्रीला घेऊन गेलो होतो. त्यानं बोनेटला कान लावला आणि म्हणाला, “इंजिन खणखणीत, डोळे झाकून घ्या.” दीड महिन्यात हेड गॅस्केट गेलं. जाब विचारला तर म्हणे, त्या दिवशी चांगली होती. नंतर कळलं, विकणाऱ्याकडून त्यानं कमिशन घेतलं होतं. माझे ३८,००० रुपये गेले आणि वडील वर्षभर मला बोलत होते. पासिंगच्या कागदावर निदान कुणाची तरी सही असते. मिस्त्रीची सही कुठं असते?

घाटवाट :
माझा भाऊ इंग्लंडमध्ये असतो. तिथं गाडीला तीन वर्षं झाली की दर वर्षी तपासणी, आपल्यासारखं पाच वर्षांनी नाही. आणि गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनच्या तपासण्या कुणालाही दिसतात. कशात नापास झाली, किती मैल झाले होते, आणि ‘आज पास, पण पुढचा होज पाइप चिरतोय’ असले शेरेसुद्धा. गाडी घ्यायच्या आधी भाऊ तेच वाचत बसतो. आपल्याकडं फक्त पास नाहीतर नापास, मधलं काहीच लिहून ठेवत नाहीत. माझं दुखणं ते आहे. तरी सांगतो, तिथंही काही खोलून बघत नाहीत. कोटिंगखालचं तिथंही सुटू शकतं.

पंचगंगाकाठ :
गंज, ब्रेक ऑइल राहू दे बाजूला. कोल्हापुरात जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न एकच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत ही गाडी कुठं उभी होती? पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं. आमची गाडी पार्किंगमध्ये छतापर्यंत बुडाली. विम्यात टोटल लॉस झाली, घेऊन गेले. पुढच्या उन्हाळ्यात तीच गाडी रंकाळ्यावर दिसली, नवे सीट कव्हर, नवं पॉलिश. मागच्या काचेवर माझ्या मुलीनं चिकटवलेल्या स्टिकरचा डाग तसाच होता. चालवणाऱ्या पोराला थांबवून सांगितलं. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं, पासिंगचा कागद दाखवून गाडी गळ्यात मारली होती.

गाडी बघायला गेलात की सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा पट्टा धुतात, आत गुंडाळलेला शेवटचा हात-दीड हात कुणी धूत नाही. तिथं गाळाची रेघ सापडते.

व्हीनस कॉर्नर :
पुरात सापडलेली गाडी विकणारे सगळे चोर, असा सूर लावू नका. माझ्या गाडीत फ्लोअर मॅटपर्यंत पाणी आलं होतं. कार्पेट काढून वाळवलं, वायरिंगचे कनेक्टर बदलले, बिलं ठेवली आणि घेणाऱ्याला सांगून विकली. तरी लोकांनी “पुरातली” म्हणत दर निम्म्यावर आणला. पूर आम्ही मागून घेतला नव्हता.

पंचगंगाकाठ :
तुम्ही सांगितलंत, बाकीचे सांगत नाहीत. मॅटपर्यंतचं पाणी आणि डॅशबोर्डावरचं पाणी एक नाही, हे मान्य. पण एअरबॅगच्या कनेक्टरमध्ये गाळ गेला तर ती वेळेला उघडेल याची हमी तुम्ही देणार का? सरकारी पोर्टलवर नोंदणी, विमा, पीयूसी सगळं दिसतं. गाडी बुडाली होती हे दिसत नाही. ते दिसलंच पाहिजे, त्याशिवाय हे थांबणार नाही.

व्हीनस कॉर्नर :
मग पाणी कुठपर्यंत होतं तेही दिसू दे. नुसता ‘पूरग्रस्त’ शिक्का मारलात तर माझ्यासारखा खरं बोलणारा आधी मरेल. पुढच्या वेळी मी तरी कशाला सांगू?

घाटवाट :
दोघंही थांबा. धागा स्टॉर्मचा आहे.

पंचगंगाकाठ :
धागा तपासणीत काय दिसत नाही याचा आहे. मी त्यावरच बोलतोय.

उद्यमनगरी :
मोकळा रस्ता, सहीचं बोललात ते लागलं. उद्यमनगरातल्या सगळ्या मिस्त्रींना एका कमिशनखाऊच्या ओळीत बसवलंत त्याचा राग आहेच. पण खरं आहे, वीस वर्षांत मी कुणाला लिहून दिलेलं नाही, तोंडीच सांगत आलो. ते चुकलं. पासिंग काढून टाका असंही मी म्हणत नाही, लाइट बंद असलेल्या गाड्या त्यामुळंच थोड्या कमी होतात. पण तो त्या दिवसापुरता कागद आहे.

एक काम आत्ता करा. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३२१३ असेल तर २०१३ सालचा ३२ वा आठवडा. तुमच्यासारख्या गाड्या वर्षात हजारभर किलोमीटर फिरतात, नक्षी झिजत नाही, रबर मात्र उभ्या जागी कडक होतं. पासिंगला नक्षी बघतात, आकडे कुणी वाचत नाही.

मोकळा रस्ता :
टॉर्च घेऊन खाली जाऊन आलो. पुढचे दोन्ही ४१११. मागच्या एकाचा २२१५, दुसऱ्याचे आकडे दिसत नाहीत. नक्षी चांगली दिसते म्हणून मी ते कधी बघितलंच नव्हतं. टायर बदलतो. सीटबेल्टही ओढून बघितला, स्वच्छ आहे. तुमचं सगळं पटलं असं समजू नका. मिस्त्रीवर डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही म्हणजे नाही. पण ‘मेकॅनिकला दाखवू नका’ ही ओळ मी काढून टाकतोय.

उद्यमनगरी :
राहिलेले आकडे आतल्या बाजूला असतील, चाक काढावं लागतं. रविवारी सकाळी नऊला आणा, रॅम्प मोकळा ठेवतो. खालून टोचून बघू, ब्रेक ऑइल बदलू. जे दिसेल ते लिहून देतो, खाली सही करतो. तोवर गाडी गावातच फिरवा.