चाळ पडली तरी लेखकाची पाटी लागायलाच हवी

परळकर:
पुनर्विकासात एकेक चाळ जमीनदोस्त होतेय आणि तिथे राहिलेल्या लेखकाचा मागमूसही उरत नाही. माझं स्पष्ट मत आहे, इमारत राहो न राहो, त्या जागी पाटी हवी. नाव, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत वास्तव्य, बस. महापालिकेने बांधकामाची परवानगी देतानाच विकासकाला ही अट घालावी.

पार्लेकर_वाचक:
अजिबात पटलं नाही. ज्या टॉवरमध्ये तो माणूस कधी राहिलाच नाही, त्यावर त्याचं नाव कशाला? जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारातला किपलिंग बंगला बघा. ‘जंगल बुक’चा लेखक रुडयार्ड किपलिंग 30 डिसेंबर 1865 ला त्या आवारात जन्मला, पण आज उभा आहे तो बंगला नंतर बांधलेला. लोक मात्र पाटी वाचून त्याच बंगल्याचे फोटो काढतात. लंडनमध्ये नामवंतांच्या घरांवर निळ्या पाट्या लावतात, त्यांचा नियम बरा: व्यक्तीला जाऊन 20 वर्षं झालेली हवीत आणि इमारत तिला ओळखू येईल अशी शिल्लक हवी.

परळकर:
लंडनचंच घ्या. तिथली पहिली पाटी 1867 मध्ये कवी बायरनच्या जन्मघरावर लागली. ते घर 1889 मध्ये पाडलं. आज तिथे मोठं दुकान आहे आणि त्याच्या भिंतीवर बायरनची पाटी आहेच! ‘या जागी पूर्वी अमुक चाळ होती’ असं खरं खरं लिहिलं की कुणाची फसगत होत नाही. आणि इमारत शिल्लक असण्याची अट लावली तर बंगलेवाले तेवढे उरतील. अण्णाभाऊ साठे घाटकोपरला चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिले. झोपडी कोण जपून ठेवतो?

भायखळा_जुनी:
यादी कोण करणार, ते आधी सांगा. उर्दू कथाकार मंटो भायखळ्याच्या क्लेअर रोडला राहायचा, 1948 मध्ये लाहोरला गेला. त्याची पाटी लागेल का? की नगरसेवकाच्या मर्जीतल्यांचीच? त्यापेक्षा वॉर्डातल्या वाचनालयाला पुस्तकं द्या. लेखक तिथे भेटतो.

परळकर:
मंटोची लागलीच पाहिजे, त्यात दुमत नको. यादी साहित्याच्या अभ्यासकांनी करावी, नगरसेवकाने फक्त पडदा ओढावा. वाचनालयाला पुस्तकं हवीतच, पण जो पोरगा तिथे कधी फिरकत नाही त्याला लेखकाचं नाव रस्त्यावरच दिसू दे. म्हणून पाटी टॉवरच्या लॉबीत नको, वॉचमन आत सोडत नाही. फुटपाथकडच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर लावा, मोठ्या अक्षरात, मराठीत.

पार्लेकर_वाचक:
फुटपाथची भिंत मान्य. नव्या इमारतीवरच्या पाटीला माझा विरोध कायम.