जिवाणूंच्या साहाय्याने खाणीचा गाळ बांधता येईल का?

डिचोलीकर:
आमच्या भागात लोहखनिज धुतल्यावर उरणारा बारीक गाळ, म्हणजेच टेलिंग्ज, जुन्या तळ्यांत पडून आहे आणि पावसाळ्यात तो ओहोळांवाटे भातशेतीत उतरतो. जिवाणू वापरून असा गाळ घट्ट करता येतो, असे वाचनात आले. हा उपाय इथे लागू पडेल का? शेतीला आणि विहिरींना त्यापासून अपाय तर होणार नाही ना?

मृदा अभियंता:
तत्त्व पक्के आहे. स्पोरोसार्सिना पाश्चुरी या जिवाणूतील युरिएज विकरामुळे युरियाचे विघटन होऊन कार्बोनेट तयार होते आणि सोबत कॅल्शियम क्लोराइड दिले असल्यास कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीतील खनिजाचे, स्फटिक कणांच्या सांध्यांवर जमून त्यांना जखडून ठेवतात. नेदरलँड्समध्ये या पद्धतीने १०० घनमीटर वाळूवर प्रयोग झाला आहे. मात्र वाळूतील पोकळ्या मोठ्या असतात. तुमच्या गाळात चिकणमातीइतके बारीक कण असतील, तर साधारण एक ते तीन मायक्रोमीटर लांबीचा जिवाणू आत शिरणारच नाही. त्यामुळे वरचा पातळ थर तेवढा कठीण होईल. धूळ आणि धूप रोखण्यासाठी तोही मोलाचा आहे, पण गाळाच्या तळ्याला अडवणाऱ्या बंधाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी त्यावर विसंबू नये. ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी खाणीच्या गाळाचा बांध फुटून २७० माणसे दगावली, त्यामागे आतील पाण्याने भरलेल्या सैल गाळाचे अचानक झालेले द्रवीभवन, म्हणजे तो द्रवासारखा वाहू लागणे, होते. अशा ठिकाणी पहिला उपाय पाण्याचा निचरा हाच ठरतो.

रसायनशास्त्राचा अभ्यासक:
विहिरींविषयीची आपली शंका रास्त आहे, आणि माझ्या मते या पद्धतीचा खरा प्रश्न तोच आहे. एक किलो कॅल्साइट बनवायला सुमारे ६०० ग्रॅम युरिया लागतो आणि त्यासोबत ३६० ग्रॅम अमोनियम व ७१० ग्रॅम क्लोराइड मागे उरते. हे सारे पाण्यात विरघळणारे असल्याने कोकण-गोव्याच्या पावसात ते खाली झिरपेल. अमोनियमचे पुढे नायट्रेट होऊन ते विहिरीपर्यंत पोहोचू शकते. सोयाबीनमधून काढलेले युरिएज वापरल्यास ते बारीक पोकळ्यांत शिरते, हा मोठा लाभ आहे, परंतु अमोनियम तेवढेच तयार होते. म्हणून पाऊस ओसरल्यावर एका लहान तुकड्यावर चाचणी घ्यावी, झिरपणारे पाणी खाली गोळा करून तपासावे आणि ते सुरक्षित ठरले तरच पुढचे क्षेत्र हाती घ्यावे. गाळात गंधकयुक्त पायराइट असल्यास आम्लामुळे कॅल्साइट विरघळते, तेव्हा त्याची तपासणी आधीच करून घ्या.